एका दुय्यम नटाचा चेहरा

'कासाब्लांका' हा अमेरिकन चित्रपट आमच्या बहुतेक वाचकांनी एकदा तरी पाहिला असेल. त्यातला एक प्रसंग आठवावा. पोलिसांचा प्रमुख कॅप्टन रेनॉ जर्मन मेजरच्या दडपणाखाली रिकचे उपाहारगृह बंद करण्याचा हुकूम सोडतो. कारण विचारताच, येथे जुगार चालतो हे ऐकून आपणांस मोठा धक्का बसला, असे तो साळसूदपणे सांगतो. त्याच क्षणी जुगाराच्या टेबलावरचा माणूस अदबीने पुढे होतो आणि त्या रात्री साहेबांनी जिंकलेले पैसे त्यांच्या हाती ठेवतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो, आणि तो सारा रेनॉच्या वाट्याला जातो. पैसे देणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. चित्रपटात त्याचे नाव एमिल आहे. ते काम करणाऱ्या नटाचे नाव मात्र श्रेयनामावलीत नाही.

आम्हीही हा चित्रपट तीन वेळा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा हा चेहरा कोठे तरी पाहिला आहे एवढेच वाटून गेले होते. चौथ्या वेळी ओळख पटली, आणि हसू मावळले. हा मार्सेल दालिओ. याच नटाने केवळ तीन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका मार्क्वीसची, म्हणजे मोठ्या सरदाराची, भूमिका केली होती. आणि जेव्हा तो हॉलीवूडमध्ये एमिल होऊन उभा होता तेव्हा पॅरिसमध्ये त्याचा चेहरा भलत्याच कामासाठी वापरला जात होता. नायकांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. आज आम्ही या दुय्यम नटाच्या चेहऱ्याचा इतिहास सांगणार आहो. तो सांगताना फ्रान्सचा थोडाफार इतिहास येईल, तो टाळता येण्याजोगा नाही.

दालिओचा जन्म पॅरिसमधला, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरचा. आईबाप रुमानियातून आलेले यहुदी; त्याचे घरचे नाव इस्रायल मोशे ब्लाउशिल्ड. पहिल्या महायुद्धात त्याने फ्रान्सच्या सैन्यात नोकरी केली, मग नाटकांत आणि संगीतिकांत पडेल ते काम केले. बोलपट आले तेव्हा त्याच्या वाट्याला जी कामे आली ती त्याच्या चेहऱ्यावरून आली. ठेंगणी मूर्ती, काळेभोर वाटोळे डोळे, जाड भुवया. असा माणूस पडद्यावर दिसला की निर्मात्यांना चहाडखोर, जुगारी किंवा विश्वासघातकी एवढेच सुचे. १९३७ च्या आरंभी आलेल्या द्युव्हिव्हिएच्या 'पेपे ल मोको'मध्ये झाँ गाबँ हा अल्जिअर्सच्या कसब्यात दडलेला रुबाबदार चोर आहे, आणि दालिओ तेथे पोलिसांचा खबऱ्या. असा नट आयुष्यभर खबऱ्याच राहावयाचा. तसे झाले नाही याचे कारण झाँ रन्वार.

आमच्या कलकत्त्याच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. १९५१ साली प्रदर्शित झालेला रन्वारचा 'द रिव्हर' हुगळीच्या काठी चित्रित झाला, आणि त्या निमित्ताने सत्यजित राय या जाहिरातसंस्थेत नोकरी करणाऱ्या तरुणाची त्याच्याशी गाठ पडली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच रन्वारने १९३७ साली 'ला ग्रांद इल्युझिओं' केला. 'महान भ्रम' असे त्याचे भाषांतर करता येईल. आम्ही तो प्रथम पाहिला तो दिल्लीस बदली झाल्यावर, एका फिल्म सोसायटीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून. प्रत जीर्ण होती, मधूनमधून आवाज खरखरत होता, पण दोन तास कोणी जागचे हलले नाही.

कथा पहिल्या महायुद्धातली. जर्मनांच्या कैदेत पडलेले फ्रेंच अधिकारी, त्यांची पळून जाण्याची धडपड, आणि शेवटी दोघांची सुटका. गाबँ हा मारेशाल, यंत्रशाळेतून वर आलेला लेफ्टनंट. पिएर फ्रेने हा कॅप्टन द ब्वाल्दिय, खानदानी सरदार. त्याच्या तोडीचा जर्मन सरदार फॉन राउफेनश्टाइन, म्हणजे एरिक फॉन श्ट्रोहाइम. ह्या तिघांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष चौथ्याकडे गेले. तो लेफ्टनंट रोझेन्थाल, एका गडगंज सावकारी पेढीचा मुलगा. घरून त्याला खाण्याच्या पेट्या येतात आणि तो त्या साऱ्या खोलीबरोबर वाटून खातो. त्या खोलीत भूमापन खात्यातला एक अभियंता आहे, जो जखमी मारेशालचे पाय धुतो. एक बडबड्या नाटकवाला आहे. एक शाळामास्तर आहे. सरकारी वाचकांनी त्या भूमापनवाल्याकडे अवश्य लक्ष द्यावे, आपल्या खात्याचा माणूस जागतिक कीर्तीच्या चित्रपटात सहसा सापडत नाही.

एका संभाषणात रोझेन्थाल आपल्या कुळाची माहिती देतो. आपला जन्म व्हिएन्नाचा, आई डेन्मार्कची, बाप पोलंडचा, आणि सारे कुटुंब आता कायद्याने फ्रेंच. तुम्ही अस्सल फ्रेंच म्हणवता, पण तुमच्या नावावर या देशाची हातभर जमीन नाही. आमच्या लोकांनी पस्तीस वर्षांत तीन ऐतिहासिक गढ्या मिळवल्या, शिकारीची राने, तळी, फळबागा आणि पूर्वजांच्या तसबिरींसकट. हे तो हसत सांगतो. दालिओने त्या हसण्यात फुशारकी ठेवली आहे आणि तिच्यामागे थोडा संकोचही. हे सारे आपले आहे की नाही, याविषयी त्याची स्वतःचीच खात्री नसावी असा तो संकोच आहे.

हे १९३७ साली पडद्यावर दाखवणे म्हणजे काय होते ते ध्यानात घेतले पाहिजे. याच फ्रेंच सैन्यातील कॅप्टन द्रेफस याला १८९४ साली खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवले गेले होते. तो निर्दोष ठरण्यास १९०६ साल उजाडले. १९३६ च्या फेब्रुवारीत समाजवादी पुढारी लेओं ब्लुम याला पॅरिसच्या भर रस्त्यात राजपक्षाच्या तरुणांनी रक्तबंबाळ केले. जूनमध्ये तोच ब्लुम पंतप्रधान झाला, तेव्हा झाविए व्हाला नावाच्या सभासदाने लोकसभेत उठून खेद प्रकट केला की या पुरातन देशावर प्रथमच एक यहुदी राज्य करणार. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. 'ला ग्रांद इल्युझिओं' पॅरिसमध्ये झळकला तो १९३७ च्या जूनमध्ये, आणि त्याच महिन्यात ब्लुमचे मंत्रिमंडळ गडगडले.

चित्रपटाच्या उत्तरार्धात ब्वाल्दिय स्वतःचा प्राण देऊन मारेशाल आणि रोझेन्थाल यांना किल्ल्यातून निसटू देतो. दोघे बर्फातून स्वित्झर्लंडच्या दिशेने चालू लागतात. रोझेन्थालचा पाय मुरगळतो. अन्न संपलेले, थंडी हाडांत शिरलेली. मग मारेशालच्या तोंडून ते निघते जे सुखाच्या दिवसांत निघत नाही: तू म्हणजे गळ्यातले लोढणे, आणि यहुदी मला कधीच आवडले नाहीत. रोझेन्थालही तितक्याच त्वेषाने उलटतो. मारेशाल निघून जातो. रोझेन्थाल एका दगडावर बसतो आणि मोठ्याने एक पोरकट गाणे म्हणू लागतो, रडू नये म्हणून. थोड्या वेळाने चौकटीच्या कडेला मारेशालचा कोट दिसतो. तो परत आला आहे. क्षमायाचना नाही की मिठी नाही. एकमेकांना आधार देऊन ते पुन्हा चालू लागतात. पुढे एका जर्मन विधवेच्या शेतघरात त्यांना आसरा मिळतो. नाताळच्या रात्री तिच्या लहानग्या मुलीसाठी दोघे बाळ येशूचा देखावा मांडतात, आणि हा येशू आपल्याच वंशाचा, असे रोझेन्थाल हळूच म्हणतो. शेवटी सरहद्दीवर निरोप घेताना मारेशाल त्याला पुन्हा तीच जातिवाचक शिवी देतो. पण आता ती जिवलगाला द्यावयाची शिवी झालेली असते.

आम्हांला वाटते, या चित्रपटाचे मर्म दोन सरदारांच्या मैत्रीत जितके आहे त्याहून या भांडणात अधिक आहे. लेखक सेलीन याने त्याच वर्षी आपल्या यहुदीद्वेष्ट्या पुस्तकात चित्रपटावर आग ओकली: एका यहुद्याला साध्या फ्रेंच माणसाचा बरोबरीचा सोबती दाखवले, हे त्याला सहन झाले नाही. गंमत अशी की १९४६ साली चित्रपट पुन्हा दाखवला गेला तेव्हा काही समीक्षकांनी उलट तक्रार केली की रोझेन्थालला पैसेवाला दाखवून यात यहुद्यांची निंदाच केली आहे. मधल्या नऊ वर्षांत जे घडले होते त्यानंतर ती शिवी पूर्वीसारखी ऐकणे कोणालाच शक्य नव्हते, हेही खरे.

१९३९ साली रन्वारने 'ला रेगल द्यु झ', म्हणजे 'खेळाचा नियम', केला. आणि त्यात दालिओला मार्क्वीस द ला शेने बनवले. ही निवड पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण रन्वारने ती जाणूनबुजून केली होती, हे चित्रपटातच दिसते. गढीच्या तळघरात नोकरमाणसे जेवायला बसली असता मालकाच्या कुळाची उठाठेव निघते, आणि मार्क्वीसच्या आजोळी फ्रांकफुर्टहून आलेला कोणी रोझेन्थाल होता, असे एक जण सांगतो. आधीच्या चित्रपटातल्या लेफ्टनंटाचेच आडनाव. त्यावर स्वयंपाकी मालकाची बाजू घेतो. बटाट्याच्या कोशिंबिरीत पांढरी वाइन बटाटे उकळते गरम असतानाच ओतावयास हवी. आचाऱ्याने ते केले नव्हते, आणि एवढ्या घरात ते फक्त मार्क्वीसच्या जिभेला कळले. परका असला तरी हा खरा खानदानी माणूस, असा निर्वाळा स्वयंपाकी देतो. कुलीनतेची परीक्षा बटाट्यावर घेणारा हा प्रवेश आम्हांला फार आवडतो.

या मार्क्वीसला यांत्रिक वाद्ये जमविण्याचा नाद आहे. पाहुण्यांसमोर तो आपले सर्वांत मोठे, दिव्यांनी लखलखणारे वाद्य प्रथमच उघडतो, आणि कॅमेरा वाद्यावरच्या बाहुल्यांवरून सरकत त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. दालिओ बोलत काहीच नाही. रुमालाने घाम टिपतो, किंचित हसतो. अभिमान आहे, लाज आहे, आणि हे सारे लोक मला आपला म्हणत आहेत ना, हा प्रश्नही आहे. आपल्या साऱ्या चित्रणांत रन्वार या चित्रणाला फार वरचे स्थान देत असे. आम्ही दालिओची जी कामे पाहिली आहेत त्यांत यासारखे दुसरे नाही.

७ जुलै १९३९ रोजी चित्रपट पॅरिसमध्ये लागला, आणि प्रेक्षकांनी आरडाओरड करून तो हाणून पाडला. रन्वारने काटछाट करून पाहिली. उपयोग झाला नाही. ऑक्टोबरमध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, लोकांचा धीर खचवणारा म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. मूळ निगेटिव्ह पुढे बाँबहल्ल्यात जळाले, आणि सापडेल त्या तुकड्यांतून चित्रपट पुन्हा जुळवला गेला तो १९५९ साली. नायिका नोरा ग्रेगोर ही ऑस्ट्रियाची, तीही नाझींपुढून पळालेली. ती देशोधडी होऊन १९४९ साली चिलीमध्ये वारली. चित्रपटाच्या शेवटी एक निरपराध माणूस गोळीने मरतो आणि मार्क्वीस पायऱ्यांवर उभा राहून पाहुण्यांना सांगतो की अपघात झाला. एक म्हातारा सेनापती त्याच्या या शालीनतेची वाखाणणी करतो: अशी माणसे आता दुर्मिळ होत चालली.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये जर्मन पॅरिसच्या वेशीवर आले. दालिओने १९३९ सालीच मादलेन लबो या नटीशी लग्न केले होते. तिचे वय जेमतेम सतरा. जर्मन शिरण्यापूर्वी दोघे शहरातून निघाले आणि मजल दरमजल करीत लिस्बनला पोहोचले. दालिओचा पळ वेळेवर झाला. ३ ऑक्टोबर १९४० रोजी मार्शल पेतँच्या सरकारने यहुद्यांविषयीचा कायदा केला. आम्ही तो वाचला आहे. सरकारी नोकराने तो वाचावा असाच आहे, कारण त्यातली कलमे ही प्रथम सरकारी नोकरांवरची कलमे आहेत. न्यायाधीश, प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, शिक्षक, सैन्यातले अधिकारी: एकामागून एक पदांची यादी, आणि त्या प्रत्येक पदावर यहुद्यास मज्जाव. मागील युद्धात लढलेल्यांना काही दुय्यम जागा ठेवाव्यात, अशी सवलतही त्यात आहे. पुढे वृत्तपत्रे आणि चित्रपट यांची पाळी. भाषा अगदी आपल्या परिपत्रकांची. कोठे राग नाही, शिवी नाही. बर्फातल्या मारेशालच्या शिवीपेक्षा ती भाषा आम्हांला कितीतरी भयंकर वाटली. १९४१ साली या प्रश्नासाठी स्वतंत्र खाते निघाले आणि त्याचा पहिला मुख्याधिकारी नेमला गेला तो झाविए व्हाला.

आणि पॅरिसच्या भिंतींवर दालिओचा चेहरा लागला. यहुदी कसा ओळखावा हे सामान्य जनांस कळावे म्हणून नाझींनी भित्तिपत्रके काढली, आणि नमुन्यादाखल निवडला तो सर्वांच्या ओळखीचा असलेला हा नट. रन्वारने ज्या चेहऱ्यात शंका आणि अभिमान शोधले होते, त्याच चेहऱ्याखाली आता केवळ एक शिक्का उरला. १९४२ च्या १६ आणि १७ जुलैला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी, होय, फ्रेंच पोलिसांनीच, सुमारे १३,००० यहुदी बायकापोरांसह पकडले. युद्ध संपेतो फ्रान्समधून सुमारे ७६,००० यहुदी छळछावण्यांकडे रवाना झाले. परत आले ते फारच थोडे. न परतलेल्यांत दालिओच्या घरची माणसे होती.

चेहरे पुसण्याचा उद्योग पडद्यावरही चालला होता. 'मकाव' या चित्रपटात श्ट्रोहाइमने काम केले होते. तो अमेरिकेत निघून गेला होता आणि जर्मनांना नकोसा होता. म्हणून त्याचे सारे प्रवेश पिएर रन्वार या नटाकडून, म्हणजे दिग्दर्शक रन्वारच्या भावाकडून, पुन्हा करवून घेतले आणि १९४२ साली चित्रपट दाखवला. नियती मात्र मोठी विनोदी. रॉबेर ल व्हिगां हा दालिओसारखाच नामांकित दुय्यम नट. १९३५ साली त्याने पडद्यावर येशूचे काम केले होते. युद्धकाळात तो नाझींच्या बाजूने नभोवाणीवर बोलू लागला. कार्नेच्या 'ले झांफां द्यु पारादी'मध्ये त्याला जुन्या कपड्यांच्या फेरीवाल्याचे काम मिळाले होते; पण दोस्तांच्या फौजा येणार हे दिसताच तो काम अर्धवट टाकून जर्मनीत पळाला. तेव्हा त्याचेही प्रवेश पुन्हा केले ते पिएर रन्वारनेच. त्या चित्रपटाचे नेपथ्य आणि संगीत ज्या दोघांच्या हातचे, ते त्राउनर आणि कोस्मा, यहुदी म्हणून लपून काम करीत होते. ल व्हिगांला शिक्षा झाली, सुटल्यावर तो अर्जेंटिनात गेला आणि १९७२ साली तेथेच वारला.

दालिओकडे परत येऊ. लिस्बनमध्ये खटपटी करून त्याने चिलीचे परवाने मिळवले आणि दोघे 'क्वांझा' नावाच्या पोर्तुगीज जहाजावर चढले. मेक्सिकोच्या बंदरात ते परवाने बनावट ठरले. जहाजावर असे पुष्कळ प्रवासी अडकले होते, आणि कोणताही देश त्यांना उतरू देईना. अखेर कॅनडाचे तात्पुरते कागद हाती आले आणि नवराबायको अमेरिकेत शिरली. पॅरिसचा मार्क्वीस हॉलीवूडच्या दारी उमेदवार म्हणून उभा राहिला.

हे कळल्यावर 'कासाब्लांका'कडे पुन्हा पाहावे. एक तरुण बल्गेरियन जोडपे परवान्याचे पैसे उभे करण्यासाठी जुगार खेळत आहे आणि हरत आहे. रिक त्या तरुणाच्या कानाशी बावीसचा आकडा सुचवतो आणि टेबलावरच्या एमिलकडे नुसते पाहतो. एमिल चाक फिरवतो. बावीस. पैसे तेथेच राहू देतात; पुन्हा बावीस. जोडप्याला परवाना मिळणार. चाक फिरवणारा तो हात अशा माणसाचा आहे, ज्याने स्वतः बनावट परवाना खिशात घालून समुद्र ओलांडला होता. त्याच चित्रपटात फ्रान्सचे राष्ट्रगीत गाताना जिचे डोळे भरून येतात ती तरुणी म्हणजे मादलेन लबो. त्या अश्रूंना ग्लिसरीनची गरज पडली असेल असे आम्हांला वाटत नाही. त्याच उन्हाळ्यात दालिओने घटस्फोटाचा अर्ज केला, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ती दीर्घायुषी ठरली; २०१६ साली वारली.

युद्धानंतर दालिओ फ्रान्सला परतला. पुढे कधी तेथे, कधी अमेरिकेत, असे काम करीत राहिला. कोठे उपाहारगृहाचा मालक, कोठे चित्रांचा व्यापारी, कामे लहानच. १९५५ साली 'कासाब्लांका'वरून अमेरिकेत दूरचित्रवाणीवर एक मालिका निघाली. तीत पोलिसप्रमुखाचे काम दालिओला मिळाले. मूळ चित्रपटात ज्याच्या हाती तो अदबीने पैसे ठेवीत असे, त्याच खुर्चीवर आता तो स्वतः बसला. मालिका फार दिवस चालली नाही.

'ला ग्रांद इल्युझिओं'च्या मूळ निगेटिव्हची गत तिच्या नटांसारखीच झाली. जर्मनांनी ते जप्त करून बर्लिनच्या चित्रसंग्रहात नेले. बर्लिन पडल्यावर रशियनांनी ते मॉस्कोस हलवले. तेथून ते १९६० नंतरच्या दशकात देवघेवीच्या व्यवहारात फ्रान्समधील तुलुझच्या संग्रहालयात येऊन पडले, आणि हे काय आहे याची तेथे कोणालाच कल्पना नव्हती. त्या पेट्या उघडून निगेटिव्हची ओळख पटली ती १९९० नंतर. रन्वार १९७९ साली गेला होता, दालिओ १९८३ साली. आज दिसणारी स्वच्छ, चकचकीत प्रत त्या निगेटिव्हवरून काढलेली आहे.

१९७३ साली झेरार उरी याने 'राबी झाकोब' नावाचा प्रहसनपट केला. लुई द फ्युनेस त्यात एक यहुदीद्वेष्टा कारखानदार झाला आहे. जीव वाचवण्यासाठी त्याला यहुदी धर्मगुरूचा वेश घ्यावा लागतो आणि सारी गल्ली त्यालाच खरा राबी समजून नाचवते. फ्रान्समध्ये सत्तर लाखांवर लोकांनी तिकिटे काढून तो पाहिला. खरा राबी झाकोब, पांढऱ्या दाढीचा, डोळे मिचकावणारा, अमेरिकेहून मायदेशी भेटीस निघालेला म्हातारा, चित्रपटात थोडाच वेळ आहे. ते काम दालिओचे. या खेपेस नाव श्रेयनामावलीत आहे, बऱ्याच खाली.